मद्यमुक्तीची सभा : मोहोळ परिसराच्या संदर्भात एक टिपण

महाराष्ट्रातील मद्यपानविरोधी प्रयत्नांचा इतिहास बहुधा दोन अंगांनी मांडला जातो : एक उपदेशाचे, दुसरे निर्बंधाचे. दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध महात्मा फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेस लिहिलेले पत्र, १९०८ साली लोकमान्य टिळकांनी पुण्यात चालविलेली मद्यपाननिषेधाची चळवळ, गाडगेमहाराजांची कीर्तने आणि मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हे त्यातील ठळक टप्पे होत. परंतु जो आधीच व्यसनाच्या आहारी गेला आहे व ज्याला त्यातून सुटावयाचे आहे, त्याने कोठे जावे आणि कोणाजवळ बोलावे, या प्रश्नाचा विचार या इतिहासात फारसा आढळत नाही. त्याचे उत्तर अशा माणसांनी स्वतःच भरविलेल्या सभांत शोधावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ हे नागनाथाच्या देवस्थानामुळे ख्यात असलेले तालुक्याचे गाव. पंढरपूर येथून जवळच आहे. या मुलखात दारू सोडण्याचा जुना व सर्वपरिचित मार्ग म्हणजे तुळशीची माळ घालणे. माळ घालणाऱ्याने मद्य व मांस वर्ज्य करावयाचे असते. हा संकल्प चारचौघांच्या साक्षीने होतो, आणि एकादशी, भजन व वारी यांच्या योगाने तो पुनःपुन्हा ताजा होत राहतो. त्याचे खरे बळ या नियमित संगतीत आहे. तथापि हा संकल्प उघड असल्यामुळे तो मोडणाऱ्याची लाजही उघड असते. एकदा माळ उतरविलेल्या माणसास त्याच मंडळीत परत येऊन बसणे सोपे जात नाही.

ही अडचण ओळखून उभी राहिलेली संस्था म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’. तिचा उगमच मुळी एका शोधातून झाला. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा व्यावसायिक अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी कामानिमित्त उतरला होता. काम फसले होते आणि उपाहारगृहातील मद्यालय समोर होते. पुन्हा प्यावेसे वाटू लागताच त्याने तेथील चर्चच्या यादीवरून दूरध्वनी करण्यास आरंभ केला आणि बोलण्यासाठी दुसऱ्या एखाद्या मद्यासक्ताची गाठ घालून देण्याची विनंती केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली. डॉ. स्मिथ यांनी १० जून १९३५ रोजी अखेरचे मद्य घेतले आणि तोच दिवस संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. दारू सोडण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकमेव अट, वर्गणी नाही, नाव गुप्त राहते. घसरलेल्यासही पुढील सभेस येण्याची मोकळीक असते, आणि संकल्प जन्माचा न करता आजच्या दिवसापुरता केला जातो. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल्-अनॉन’ ही स्वतंत्र संस्था १९५१ साली निघाली.

या सभांचा आरंभ मुंबईत १९५७ साली झाला, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वेळी मुंबईत, आणि मोहोळातही, संपूर्ण दारूबंदी होती व परवान्यावाचून मद्य घेणे हा अपराध होता. कायद्याच्या दृष्टीने जो अपराधी, तो सभेच्या दृष्टीने आजारी ठरत होता. अशा काळात ‘मी मद्यासक्त आहे’ असे उघड म्हणणे जोखमीचे होते. त्यामुळे नाव गुप्त ठेवण्याच्या नियमास येथे अधिकच अर्थ प्राप्त झाला असला पाहिजे. पुढे दारूबंदी क्रमाने शिथिल झाली. सभा मात्र चालू राहिल्या. दुकान बंद असो वा उघडे, या सभांची गरज संपत नाही, हे यावरून दिसून येते.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यास येरवड्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. येथे उपचारास समूहाची व पाठपुराव्याची जोड मिळाली. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट निघाला, आणि घरातील स्त्रीचे दुःखही बोलण्याजोगे ठरले.

मोहोळसारख्या गावाचा प्रश्न यापुढचा आहे. जेथे प्रत्येक जण प्रत्येकास घराण्यासह ओळखतो, तेथे नाव न सांगून माणूस अनामिक राहत नाही. म्हणून गाडीने दुसऱ्या गावच्या सभेस जाणे कित्येकांना सोयीचे वाटावे; परंतु दर आठवड्यास भाडे व बुडालेली मजुरी सोसणे रोजगारावर पोट असणाऱ्यास जड जाते. गावातच सभा भरावयाची तर तिला जागा लागते, ठरलेला वार लागतो, आणि ऐकलेले बाहेर न नेणारी चार माणसे लागतात. यांपैकी ठरलेला वार व जागा यांची सवय भजनी मंडळांनी या मुलखास फार पूर्वीच लावली आहे. चौथ्या माणसाचे गुपित राखण्याची सवय मात्र नव्याने लावावी लागेल. ती लागली, तर पहिल्या दिवशी दाराशी घुटमळणारा माणूस आत येईल, आणि घसरला तरी पुढच्या आठवड्यास परत येईल. मद्यमुक्तीच्या इतिहासात या परत येण्याची नोंद सहसा होत नाही. सभेचे सारे कार्य मात्र त्यावरच उभे आहे.