कारंज्याचा बाजार आणि कष्टकऱ्याचे गणित

गणित हा पंडितांचा विषय, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास रचलेली 'लीलावती' उघडावी. आरंभीच नाणी, वजने व मापे यांची कोष्टके आहेत: वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. आचार्यांनीही गणिताची सुरुवात बाजारातूनच केली.

आजच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथे 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. तो देशातील पहिला मानला जातो. हेतू मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस रास्त भावात मिळावा, हा होता. कास्तकाराचे हित दुय्यम. 1897 साली वऱ्हाडासाठी कायदा झाला, तरी बाजार समितीत व्यापाऱ्यांचेच वजन राहिले. त्या काळी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरे. ज्याचा माल, त्यालाच दर ठाऊक नसे.

तरीही सामान्य माणूस गणितावाचून नव्हता. पावकी, निमकी, दिडकी पाठ असत. मणाचे चाळीस शेर आणि रुपयाचे सोळा आणे. म्हणून मणाचा दर दहा रुपये असला की शेराला चार आणे, हा आडाखा तोंडी असे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो व क्विंटल आले. जुने आडाखे मोडले, पण हिशेब सोपा झाला. क्विंटलच्या भावाला शंभराने भागले की किलोचा भाव निघतो.

येथेच आम्हां संघटनेच्या माणसांचे म्हणणे आहे. क्विंटलमागे दोन किलो कडता ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण 50 क्विंटल मालात तो पुरा एक क्विंटल होतो. हमालाच्या मजुरीतूनही पोत्यामागे एक रुपया कापला, तर दिवसाच्या 100 पोत्यांवर 100 रुपये जातात. हिशेबपट्टीवर अंगठा उठवणाऱ्याला हे कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीबद्दल तक्रार तरी कशी होणार?

कायदे झाले, काटेही सुधारले. मात्र पट्टी वाचून बेरीज पडताळण्याचे काम ज्याचे त्यानेच केले पाहिजे. म्हणून प्रत्येक शाखेने आठवड्यातली एक संध्याकाळ त्रैराशिक व शेकडेवारी शिकवण्यास द्यावी, एवढीच आमची सूचना आहे.