उणे एकाची कुळकथा

नांदूरघाटच्या किराणा दुकानातली उधारीची वही उघडा. ५०० हा आकडा तोच. तो जमा की नावे, हे कोणत्या बाजूला लिहिला यावरून ठरते. संगणकातल्या उणे संख्येचेही तसेच आहे, पण तिथे बाजू डोळ्यांना दिसत नाही.

धन आणि ऋण यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये दिले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ऋण संख्येच्या डोक्यावर ठिपका दिला. तो ठिपका अंकांहून वेगळा होता, हे इथे महत्त्वाचे.

यंत्राने ठिपका अंकांतच मुरवला. १९४५ च्या एडव्हॅक या संगणकाच्या आराखड्यात जॉन फॉन नॉयमन यांनी ऋण संख्या पूरक रूपात मांडली. १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० या संगणकांनी ‘दोनचा पूरक’ (टूज कॉम्प्लिमेंट) स्वीकारला. या रीतीत आठ बिटांतले ११११११११ म्हणजे उणे १. चिन्ह न मानता वाचले, तर तेच २५५.

हे आठ बिट ३२ बिटांच्या जागेत नेताना वरची २४ घरे कशाने भरायची? उणे १ टिकवायचे तर सगळीकडे १, २५५ हवे तर शून्य. सर्वांत डावीकडचा बिट, म्हणजे चिन्हबिट, वरच्या घरांत पसरवणे म्हणजे साइन एक्स्टेन्शन.

खरी गोची कंपायलरच्या बॅकएंडमध्ये, म्हणजे यंत्राच्या सूचना घडवणाऱ्या भागात होते. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीसीसी या कंपायलरमध्ये (१९८७) पूर्णांक स्थिरांकाला स्वतःची रुंदी, म्हणजे बिटांची संख्या नसते. नियम असा, की तो ज्या रुंदीत वापरायचा तिचा चिन्हबिट वरच्या सर्व घरांत पसरलेला हवा. आठ बिटांतले २५५ उणे १ म्हणूनच साठवायचे. कुणी सरळ २५५ साठवले, की एकच किंमत दोन रूपांत फिरू लागते. तुलना चुकते, सूचनेचा साचा जुळत नाही, कधी कंपायलरच कोसळतो. आणि १२७ पर्यंत चिन्हबिट शून्यच असल्याने सारे सुरळीत चालते, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते.

दुरुस्ती बहुधा एका ओळीची: स्थिरांक जीसीसीच्या ‘जेन_इंट’ने थेट न बनवता ‘जेन_इंट_मोड’ला रुंदी सांगून बनवायचा. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-संचात संख्या आपली रुंदी सोबत बाळगते, तरी ती घडवताना मूळ किंमत सचिन्ह असेल तर तसे सांगावे लागते.

आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कंपायलरचा हा पोटातला भाग विद्यार्थ्यांपुढे उलगडला. तिथून पुढे जाऊन जे कुणी बॅकएंडला हात घालतील, त्यांनी आठ बिटांसाठी १२७, १२८ आणि २५५ या तीन किमती आधी चालवून पाहाव्यात.