आगमनकाळ (ॲडव्हेंट) : चर्चमधील उपासना आणि घरातील आचार – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळास ख्रिस्ती परंपरेत ‘ॲडव्हेंट’ असे म्हणतात. ‘येणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले असून मराठी ख्रिस्ती समाजात ‘आगमनकाळ’ हा शब्द रूढ आहे. पश्चिमी चर्चचे उपासना-वर्ष याच काळाने सुरू होते. मात्र एखाद्या पर्वाचा इतिहास केवळ धर्मसत्तेच्या नियमांवरून उलगडत नाही. आज प्राचीन वाटणारे आगमनकाळाचे काही आचार चर्चच्या वेदीपाशी नव्हे, तर घराच्या छपराखाली जन्मले, हे जर्मनीच्या संदर्भात स्पष्ट करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

चर्चमधील आगमनकाळ :

या काळाचे आरंभीचे रूप उपवासाचे होते. पाचव्या शतकात गॉलमधील तूर येथील बिशप पर्पेच्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून (11 नोव्हेंबर) नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवासाचा नियम केला. सहाव्या शतकात माकों येथील धर्मसभेने तशाच नियमाचा पुरस्कार केला. रोममध्ये हा काळ पुढे चार रविवारांपुरता सीमित झाला. मिलानच्या उपासनापद्धतीत मात्र तो आजही सहा आठवड्यांचा आहे. याजकांची जांभळी वस्त्रे आणि मिस्सामधील गौरवगीत वगळण्याची प्रथा ही त्या संयमाची चिन्हे होत. ख्रिस्तजन्माचे स्मरण आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची प्रतीक्षा असा या काळाचा दुहेरी आशय आहे.

हॅम्बुर्गमधील चक्र :

एकोणिसाव्या शतकात हॅम्बुर्ग शहरात दारिद्र्यामुळे अनेक मुले निराधार झाली होती. योहान हिनरिख विखर्न या ल्यूथरन धर्मसेवकाने 1833 मध्ये ‘राउहेस हाउस’ ही संस्था काढून अशा मुलांना लहान लहान कुटुंबगटांत ठेवण्याची व्यवस्था केली. नाताळ कधी येणार, हे मुलांना मोजता यावे म्हणून 1839 मध्ये त्याने एका लाकडी चक्रावर मेणबत्त्या बसविल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या व इतर दिवसांच्या लहान लाल अशी ती रचना होती. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार 1 डिसेंबरलाच आला होता.

पुढे या चक्रास हिरव्या डहाळ्यांची जोड मिळाली. सामान्य घरात एवढ्या मेणबत्त्या लावणे शक्य नसल्याने केवळ रविवारच्या चार उरल्या. प्रॉटेस्टंट घरांतून ही प्रथा 1920 च्या दशकात कॅथलिक चर्चमध्ये पोहोचली. आज महाराष्ट्रातील कॅथलिक चर्चमध्येही असे चक्र दिसते. अनाथाश्रम, घर आणि नंतर चर्च असा हा उलटा प्रवास लक्षणीय आहे.

दिनदर्शिका, राज्यसत्ता आणि बाजार :

जर्मन घरांत दारावर खडूच्या 24 रेघा ओढून मुलांनी रोज एक पुसण्याची प्रथा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकचे प्रकाशक गेरहार्ड लांग यांनी याच कल्पनेवर छापील दिनदर्शिका काढल्या. चर्चचा आगमनकाळ 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यानच्या रविवारी सुरू होतो, तर दिनदर्शिका दरवर्षी 1 डिसेंबरलाच. म्हणजेच घराचे कालमापन चर्चपासून वेगळे झाले.

घरातील या आचाराचे सामर्थ्य नाझी राजवटीनेही ओळखले. ख्रिस्ती आशय काढून ‘नाताळपूर्व काळ’ या नावाने पक्षाने स्वतःच्या दिनदर्शिका वाटल्या. युद्धानंतर, 1946 मध्ये स्टुटगार्टच्या रिखार्ड झेल्मर यांनी पुन्हा दिनदर्शिका छापल्या. पुढे चॉकलेटच्या दिनदर्शिका आल्या आणि संयमाच्या काळात रोज गोड खाण्याची प्रथा रूढ झाली.

निष्कर्ष :

1969 च्या रोमन नियमावलीने आगमनकाळास भक्तिमय व आनंदी प्रतीक्षेचा काळ म्हटले. प्रतीक्षेचा हा आनंद राउहेस हाउसमधील मुलांनी 130 वर्षांपूर्वीच अनुभवला होता. चर्चने या काळास आशय दिला, घराने त्यास रूप दिले. ते रूप सत्तेने व बाजारानेही वापरले. कारण रोज एक खूण पुसणाऱ्या मुलाला वाट कशाची पाहायची हे शिकविणारा त्याच्या मनाला आकार देत असतो. म्हणूनच धार्मिक इतिहासाच्या अभ्यासकाने धर्मसभांच्या ठरावांइतकेच घराच्या दारावरील खडूच्या रेघांकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.