स्कॅनमागचे भौतिकशास्त्र: शिकाऊ रेडिओलॉजिस्टना ते कोण शिकवते?

घोटी-इगतपुरी पट्ट्यात महामार्गावर अपघात झाला, की जखमीला लवकरात लवकर एक्स-रे, सोनोग्राफी आणि डोक्याला मार असेल तर सीटी स्कॅन लागतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असा स्कॅन रात्री सर्वांत आधी पाहणारे डॉक्टर बहुतेक वेळा निवासी डॉक्टर असतात. म्हणजे रेडिओलॉजीचे एम.डी. करत असलेले शिकाऊ तज्ज्ञ. घोटीजवळ धामणगावला एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशी महाविद्यालये आता मोठ्या शहरांपासून दूरही आहेत. तेथे शिकणाऱ्या डॉक्टरांना यंत्रामागचे भौतिकशास्त्र कोण शिकवते, याचा तुमच्या तपासणीशी थेट संबंध आहे. तो कसा, ते या लेखात पाहू.

मेडिकल फिजिसिस्ट म्हणजे कोण?

मेडिकल फिजिसिस्ट हे डॉक्टर नसतात आणि तंत्रज्ञही नसतात. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून त्यांनी वैद्यकीय किरणोत्साराचे खास शिक्षण घेतलेले असते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यासाठीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम १९६२ पासून चालतो. काही विद्यापीठांत मेडिकल फिजिक्स विषयात एम.एस्सी. करता येते.

कर्करोगाच्या रुग्णाला ‘शेक’ देताना किरणांची मात्रा अचूक मोजणे आणि ती गाठीवरच पडेल अशी आखणी करणे हे त्यांचे सर्वांत परिचित काम. एक्स-रे व सीटी यंत्राची गुणवत्ता तपासणे, रुग्णाला किती किरण मिळाले याचा हिशेब करणे आणि डॉक्टरांना हा विषय शिकवणे हीदेखील त्यांचीच कामे आहेत.

रेडिओलॉजिस्टला भौतिकशास्त्र कशाला हवे?

एम.डी. रेडिओलॉजीच्या लेखी परीक्षेत हा विषय असतोच. परीक्षेबाहेर तो कुठे उपयोगी पडतो, ते पुढील उदाहरणांवरून कळेल.

१. मुतखड्याचा सीटी. किरण कमी केले की चित्रात दाणेदारपणा वाढतो. तो निम्मा करायचा तर किरणांची मात्रा चौपट करावी लागते. मुतखडा मात्र चित्रात इतका ठळक दिसतो, की थोडे दाणेदार चित्रही पुरते. यकृतातली छोटी गाठ शोधताना तसे चालत नाही. हा फरक समजलेले डॉक्टर मुतखड्यासाठी कमी मात्रेचा स्कॅन सांगतात.

२. लहान मूल. मोठ्यांसाठी ठरवलेल्या मात्रेत बाळाचा सीटी केला तर चित्र छान येते, पण बाळाला गरज नसताना जास्त किरण मिळतात. चित्र सुंदर असल्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. ती आकडे वाचता येणाऱ्यालाच दिसते.

३. गर्भ राहिल्याचे माहीत नसताना झालेला सीटी. अशा वेळी घाबरून काही कुटुंबे थेट गर्भपाताचा विचार करू लागतात. गर्भाला मिळालेली मात्रा १०० मिलीग्रेपेक्षा कमी असेल, तर केवळ त्या कारणासाठी गर्भपात करू नये, असे आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २००० साली स्पष्ट सांगितले आहे. ओटीपोटाच्या एका सीटीत गर्भाला मिळणारी मात्रा सहसा याहून बरीच कमी असते. तुमच्या बाबतीत ती नेमकी किती होती, हे फिजिसिस्ट हिशेब करून सांगू शकतात. तो हिशेब मागवायचा असतो, हे आधी रेडिओलॉजिस्टला माहीत हवे.

४. एमआरआयचे चुंबक. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात, पण स्कॅन चालू नसतानाही चुंबक चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका पालिका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेले गेले. ते घेऊन गेलेला रुग्णाचा नातेवाईक सिलिंडरसह यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला.

मग हे शिक्षक कमी का?

किरणोपचार विभाग चालवायचा तर मेडिकल फिजिसिस्ट नेमावाच लागतो. अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा नियम आहे. एक्स-रे किंवा सीटी विभागासाठी अशी सक्ती नाही. तेथे यंत्राचा परवाना, ठरावीक मुदतीने गुणवत्ता चाचणी आणि किरणोत्सार सुरक्षा अधिकारी लागतो. चाचणी बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन करून जाते.

त्यामुळे फिजिसिस्टच्या बहुतेक जागा कर्करोग रुग्णालयांत निघतात आणि त्यांचे प्रशिक्षणही मुख्यतः त्याच कामाचे होते. एमआरआय आणि सोनोग्राफीचे भौतिकशास्त्र शिकवण्याचा सराव असलेले फिजिसिस्ट त्याहून कमी. अनेक ठिकाणी मग हा विषय रेडिओलॉजीचे प्राध्यापकच शिकवतात, किंवा निवासी डॉक्टर पुस्तकांवरून तयार करतात. परीक्षा त्यावर निभावते. पण मात्रा मोजण्याचे यंत्र हातात घेऊन, एकाच वस्तूचे कमी-जास्त मात्रेचे स्कॅन शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हा विषय अंगवळणी पडत नाही.

घोटीसारख्या ठिकाणी काय करता येते?

नुसती जाहिरात देऊन माणूस मिळेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. शहरापासून दूर एकट्याने काम करायला, तेही पुढची बढती स्पष्ट नसलेल्या पदावर, फार जण येत नाहीत. पुढील मार्ग व्यवहार्य आहेत:

- संयुक्त नेमणूक: किरणोपचार विभाग असेल तर तेथील फिजिसिस्टच्या कामातच रेडिओलॉजीच्या शिकवणीचे तास लेखी धरणे. जादा काम म्हणून ती गळ्यात टाकली, तर गर्दीच्या आठवड्यात ती आधी रद्द होते.
- सामायिक शिक्षक: दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक फिजिसिस्ट नेमणे. घोटी मुंबई-नाशिक मार्गावर आहे. मुंबईत भाभा केंद्र, तर नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. अशी सोय दुर्गम जिल्ह्यांना नाही.
- ऑनलाइन वर्ग, पण प्रात्यक्षिक समोरासमोर: सिद्धांत दुरून शिकवता येतो. मोजमाप मात्र आपल्याच यंत्रावर करायला हवे, कारण रुग्णांचे स्कॅन त्याच यंत्रावर होणार असतात.

मुलाखतीत उमेदवाराची पदवी पाहावीच. शिवाय त्याला एखादा खराब आलेला स्कॅन दाखवून, तो असा का आला हे डॉक्टरांना समजेल असे सांगायला लावावे. शिकवता येते की नाही, ते तेथेच कळते.

तुम्ही काय विचारू शकता?

- ही तपासणी सोनोग्राफी किंवा एमआरआयने होऊ शकेल का?
- मुलासाठी मात्रा वेगळी ठरवली आहे का?
- यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का?
- आधीचा स्कॅन चालेल का? जुन्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट नेहमी सोबत ठेवा.
- गर्भ असण्याची शक्यता असेल, पाळी चुकली असेल, तर न विचारता आधी सांगा. शरीरात पेसमेकर किंवा धातूची वस्तू असेल तर एमआरआयपूर्वी अवश्य सांगा.

किरणांची भीती किती बाळगावी?

निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट किरणोत्सार मिळतच असतो. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलीसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, डोक्याच्या सीटीत सुमारे २, तर पोटाच्या सीटीत सुमारे ८ ते १० मिलीसिव्हर्ट मिळतात. अपघातानंतर डोक्यात रक्तस्राव आहे का हे पाहायचे असेल, तर या आकड्यांना घाबरून स्कॅन टाळू नका. तेथे उशीर जास्त धोक्याचा असतो. गरज नसलेला स्कॅन मात्र कमी मात्रेचाही नको.

गरज आहे की नाही आणि असेल तर किती मात्रा पुरेल, हे ठरवणारे डॉक्टर आज कुठल्या तरी महाविद्यालयात शिकत आहेत. त्यांना भौतिकशास्त्र नीट शिकवणारा माणूस तेथे असणे हा तुमच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

ही माहिती सर्वसाधारण समजासाठी आहे. तुमच्या तपासणीबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.