पहिल्या सेक्टरची मालकी

मार्च १९८३मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी बाजारात आला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि जोडीला पीसी डॉस २.०. डिस्कचे चारपर्यंत भाग, म्हणजे पार्टिशन, पाडून त्यांत निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायची सोय तेव्हाच झाली होती. या भागांची नोंद डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये असे. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ६४ बाइट नोंदीला, शेवटचे दोन खुणेला. मग संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामला उरले जेमतेम ४४६. हाच मास्टर बूट रेकॉर्ड, अर्थात एमबीआर.

भाग चार, पण पहिला सेक्टर एकच. पुढची सगळी भांडणं त्यावरूनच झाली.

संगणक चालू होताच जागा होणारा बायोस हा सेक्टर मेमरीत उचले आणि शेवटच्या दोन बाइटांची खूण पाहून तो चालवे. आत काय लिहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यामुळे जो शेवटी लिहील, त्याचं राज्य. लिनक्स असलेल्या मशीनवर विंडोज ९५ टाकलं, की ते कुणाला न विचारता एमबीआरवर आपला कोड लिहून मोकळं होई. लिनक्सच्या फायली जागच्या जागी असत, फक्त तिथे पोचायची वाट बंद झालेली असे. मग फ्लॉपीवरून लिनक्स सुरू करायचं आणि सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, पुन्हा बसवायचा. उलट लिनक्स काढून टाकायचं असेल, तर डॉसच्या फ्लॉपीवरून ‘एफडिस्क /एमबीआर’ ही आज्ञा कामी येई.

त्या काळातला लिनक्सचा बूटलोडर म्हणजे वेर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो. त्याला फाइल सिस्टिम वाचता येत नसे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर नेमका कुठे आहे, ते पत्ते तो आधीच टिपून ठेवी. म्हणून कर्नल बदलल्यावर ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा चालवावीच लागे. विसरलात, तर पत्ते जुनेच राहत. बिघाड कुठे आहे, हे मात्र तो स्वतःच सांगे. पडद्यावर त्याच्या नावाची चार रोमन अक्षरं एकेक करून उमटत. पहिल्याच अक्षरावर गाडी अडली, तर पहिला टप्पा चालला पण दुसरा लोड झाला नाही. दोन अक्षरं दिसली, तर दुसरा लोड झाला, पण सुरू होईना. जाणकार माणूस अक्षरं मोजूनच दुरुस्तीला हात घाली.

ग्रबचा जन्म वेगळ्याच गरजेतून झाला. १९९५मध्ये एरिक बोलिन ग्नू हर्ड ही सिस्टिम सुरू करायच्या खटपटीत होते, त्यातून हा बूटलोडर घडला. ग्रबला फाइल सिस्टिम वाचता येई, त्यामुळे पत्ते टिपून ठेवायची कटकट गेली. पण तो एका सेक्टरमध्ये मावत नव्हता. त्याचा बराचसा भाग लिनक्सच्या पार्टिशनमध्ये राही. विंडोजमधून कुणी ते पार्टिशन उडवलं, की एमबीआरमधला आणि त्यालगतचा तुकडा उरे आणि बाकीचा ग्रब नाहीसा होई. काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच दिसे. पार्टिशनचा नुसता क्रमांक बदलला असेल, तर ‘एलएस’ने ते हुडकायचं, ‘सेट’ने जागा सांगायची, ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि मग ‘नॉर्मल’ टाइप करायचं. मेन्यू परत येई. पार्टिशनच गेलं असेल, तर विंडोजच्या सीडीवरून एमबीआर पुन्हा लिहायचा.

बायोसची जागा घ्यायला इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी आखलेल्या ईएफआयचं पुढे यूईएफआय झालं आणि एका सेक्टरची कोंडी फुटली. आता प्रत्येक सिस्टिमचा बूटलोडर एका सामाईक पार्टिशनमध्ये आपापल्या फोल्डरात राहतो. एकाने दुसऱ्याला पुसायची गरज उरली नाही. तंटा राहिला तो क्रमाचा: आधी कोण सुरू होणार? पुष्कळदा हा क्रम फर्मवेअरच्या मेन्यूत बदलला, की काम भागतं.

२०१२मध्ये विंडोज ८बरोबर सिक्युअर बूट सर्रास आलं, आणि सही नसलेल्या बूटलोडरला दार बंद झालं. ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटने जुने, असुरक्षित बूटलोडर बाद ठरवले. दोन सिस्टिम असलेल्या मशीन त्यातून वगळायच्या होत्या, पण त्यांतल्या काही ओळखताच आल्या नाहीत आणि तिथलं लिनक्स सुरू होईना. उपाय असा: सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्समध्ये शिरून ‘मॉकयूटिल’ या आज्ञेने अपडेटने घातलेले नवे नियम काढायचे, मशीन रीस्टार्ट करायची आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं.