‘कळविण्यात येते की’ : मुंबईच्या वस्त्यांतील सूचनाफलक आणि त्याचा वाचक

स्थानिक वार्तेचा इतिहास लिहावयाचा म्हटले की अभ्यासकांची दृष्टी प्रथम वृत्तपत्रांकडे वळते. १८३२ च्या ‘दर्पणा’पासून आरंभ करावयाचा, १८८१ च्या ‘केसरी’पाशी काही काळ स्थिरावायचे आणि तेथून दैनिकांच्या युगात उतरावयाचे, असा हा परिपाठ आहे. या मार्गाने गेल्यास विचारांचा इतिहास हाती लागतो. परंतु उद्या नळाला पाणी किती वाजता येणार, चुना मारावयास माणसे कधी येणार, वाढीव भाडे द्यावयाचे की नाही, या गोष्टी मुंबईच्या सामान्य माणसाला कोणी आणि कशा सांगितल्या, हा प्रश्न तसाच राहतो. त्याचे उत्तर जिन्याखाली टांगलेल्या फळ्यावर शोधावे लागते.

हा फळा इतिहासकाराला सोयीचा नाही. पुसला जाणे हाच त्याचा धर्म. तथापि त्यावरील मजकुराचा साचा इतका पक्का होता, की खडूची अक्षरे गेली तरी वाक्याची घडण शिल्लक राहिली. समित्यांच्या इतिवृत्तांत, छापील पत्रकांत आणि आजच्या गृहनिर्माण संस्थांच्या सूचनांतही ती जशीच्या तशी आढळते. ‘सर्व अमुकांना कळविण्यात येते की’ हा तो साचा होय. यातील ‘कळविण्यात येते’ हा भाग व्याकरणदृष्ट्या मनोरंजक असला, तरी ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे तो ‘अमुकांना’ हा भाग. या जागी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणकोणते शब्द आले आणि प्रत्येक शब्दाने कोणाला आत घेतले व कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हे पाहिले म्हणजे वस्तीला माहिती देण्याच्या व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट होते. ज्याला कळवावयाचे तोच वस्तीचा मनुष्य, असा त्यामागील अलिखित नियम आहे.

गावातील दवंडीला हा प्रश्न पडत नव्हता. ‘ऐका हो ऐका’ या हाकेत कर्म नाही, विभक्ती नाही. ज्याच्या कानी आवाज पडेल तो श्रोता. मात्र सांगणारा कोण, हे जातीने ठरलेले होते. दवंडी देणे हे महार वतनदाराच्या कामांपैकी एक होते, आणि ज्याच्या मुखाने सर्व गावाला वार्ता कळे त्यालाच गावकुसाबाहेर राहावे लागे. मुंबई इलाख्यातील ही कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. शहरात आलेल्या माणसाच्या कानांत दवंडीची सवय होती. समोर मात्र लेखी मजकूर आला, आणि तोही प्रथम फार कठोर रूपात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या या शहरातून लाखो माणसे निघून गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरझडती, रोग्यास रुग्णालयात व संसर्गितांस छावणीत नेणे, कौले काढून घरात ऊन घेणे हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. भाषेच्या अभ्यासकाने त्यांतील एका लहानशा गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगविली जात. ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ असा त्यांचा अर्थ. ही सूचना त्या घरात राहणाऱ्यांच्या संबंधी होती, परंतु त्यांना उद्देशून नव्हती. एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्यासाठी केलेली ती खूण होती, आणि तिच्यासाठी भिंत वापरली होती रहिवाशांची. माहिती आणि ताकीद यांतील भेद यापेक्षा उघड कोठे दिसणार?

प्लेगच्या पाठोपाठ १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. त्याने जुन्या दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभारल्या आणि कामकरी वर्गासाठी चाळीही बांधल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दीर्घकाळ राहिले ती परळची चाळ याच न्यासाची. १९२० साली स्थापन झालेल्या विकास संचालनालयाने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे एकंदर २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. अशा इमारतीत नळ, संडास, जिना आणि गॅलरी ही सामायिक असल्यामुळे सामायिक माहितीची गरज रोजच पडे. चाळसमित्यांचा उगम बहुतांशी या गरजेत आहे. उत्सवांनी त्यांना बळ दिले हे खरे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा आहे, आणि वर्गणी गोळा करणारे मंडळच पुढे नळाची तक्रार घेऊन मालकाकडे जाई, हे अनेक चाळींच्या बाबतीत दिसते. मंडळांची ही हौस मराठी वाचकाला चिरपरिचित आहे, पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील भ्रमणमंडळ तिच्याच आधारावर उभे आहे.

या चाळसमितीचा शब्द होता ‘भाडेकरू’. ‘सर्व भाडेकरूंना कळविण्यात येते की’ हे वाक्य मालकाच्या मुनिमाकडून समितीकडे आले असावे, असे त्याच्या स्वरूपावरून वाटते. ‘-ण्यात येणे’ या प्रयोगात कर्ता झाकलेला असतो. सरकारी हुकमाला हे शोभते. येथे मात्र झाकलेला कर्ता म्हणजे त्याच चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर रात्री जेवणानंतर बसलेले सहा गृहस्थ. त्यांनी शेजाऱ्याला काही सांगण्यासाठी शासनाची वाणी उसनी घेतली. ‘सदर’, ‘सबब’, ‘मजकूर’ हे दप्तरातील अरबी शब्द आणि नव्याने रुळलेले ‘दिनांक’, ‘क्रमांक’ हे संस्कृत शब्द, ज्यांचे श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला देतात, ते एकाच सूचनेत शेजारी शेजारी नांदत. एकाच ‘फलक’ शब्दापासून आलेला ‘फळा’ जिन्याखाली राहिला आणि मूळ ‘फलक’ महापालिकेच्या कचेरीत गेला, हेही याच सोपस्काराचे अंग होय. पुण्याच्या प्रसिद्ध पाट्यांशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. तेथे बोलणारा एकटा असतो आणि आपले कर्तेपण तो मुळीच लपवीत नाही.

‘भाडेकरू’ म्हणजे पावतीवर ज्याचे नाव तो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने या नावाला मोठे मोल आले, कारण भाडे गोठले आणि पावती हीच मिळकत झाली. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जाऊ लागला. परंतु गिरणगावच्या एका खोलीत पावतीवरील नावाखेरीज किती माणसे राहत! गावाकडचे भाऊबंद, पाळीपाळीने निजणारे गिरणीकामगार, खानावळीचे गडी. फळ्यावरील वाक्य यांच्यापैकी कोणालाही उद्देशून नसे. स्त्रियांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. पाण्याची वेळ बदलल्याची सूचना ‘भाडेकरूंना’ दिली जाई. भाडेकरू त्या वेळी गिरणीत असे, आणि हंडा घेऊन नळावर उभी राहणारी दुसरीच कोणी असे. फळ्यावर स्त्रियांचा स्वतंत्र उल्लेख येई तो प्रामुख्याने हळदीकुंकवाच्या निमंत्रणात. अर्थात प्रत्यक्षात वार्ता त्यांनाच आधी कळे, कारण गॅलरी नावाची दुसरी संस्था फळ्यापेक्षा वेगाने चाले. पण तोंडी कळणे निराळे आणि लेखी कळविले जाणे निराळे. सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार दुसऱ्याने येतो.

मध्यमवर्गाच्या वसाहतींत याच सुमारास दुसरा शब्द रूढ होत होता. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली; श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. १९२५ चा मुंबई सहकारी संस्था अधिनियम आणि त्यानंतर महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम यांनी या व्यवस्थेला कायद्याची बैठक दिली. येथे सूचना जाते ‘सभासदांना’. शिवकालाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासद याच्या नावात दरबाराशी जोडलेला हा शब्द आता भागधारकाला लागला. भाडेकरूला कळविणे ही मालकाची किंवा समितीची मर्जी होती, सभासदाला कळविणे हे कर्तव्य झाले. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आणि विशेष सभेची पाच दिवस आधी द्यावी लागते. हा फार मोठा पालट आहे. मात्र त्याच उपविधींत ‘नाममात्र सभासद’ नावाचा एक वर्ग आहे. सदनिका भाड्याने घेऊन राहणारा या वर्गात पडतो आणि त्याला मत नसते. चाळीत ज्या शब्दाने माणूस आत येत होता त्याच ‘भाडेकरू’ शब्दाने तो संस्थेत बाहेर पडला!

राजकारणाने फळा जिन्याखालून नाक्यावर नेला. १९२८ च्या गिरणीसंपाच्या काळातील गिरणी समित्या, १९५५-५६ मधील संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन, आणि १९६६ नंतर शिवसेनेच्या शाखांपुढील काळे फळे ही त्याची ठळक स्थाने होत. नाक्यावरचा फळा अधिक वाचला जाई. पण नळाची वेळ सांगण्याचे काम त्याचे नव्हते, आणि त्यावर मजकूर लिहिणारा वस्तीला उत्तरदायी असेच असे नाही. त्याचा विचार स्वतंत्रपणेच व्हावयास हवा.

‘रहिवासी’ हा शब्द या सर्वांहून उदार वाटतो. त्याला ना पावती लागते ना भाग. राहणे पुरे होते. रहिवासी संघांनी तो स्वीकारला, आणि १९९७ च्या सुमारास महापालिकेने ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ योजना आणली, तेव्हा तोच तिचा आधार ठरला. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये या प्रयोगाचा आरंभ झाला. ओला कचरा व सुका कचरा वेगळा करणे, रस्त्याची देखभाल, पालिकेच्या अधिकाऱ्यांशी ठरावीक बैठका असे तिचे काम होते, आणि ‘ओला-सुका’ ही जोडी मराठीत घरोघर पोहोचली ती बरीचशी अशा संघांच्या पत्रकांमुळे. पण त्याच महापालिकेने २००१ साली झोपडपट्ट्यांसाठी निराळी योजना आणली. तिचे नाव ‘दत्तक वस्ती’. एका रस्त्याच्या अलीकडील माणसे परिसराचे व्यवस्थापन करतात आणि पलीकडील माणसे दत्तक घेतली जातात. दोन्हींत विषय कचऱ्याचाच. ‘रहिवासी’ या शब्दाचे औदार्य कोठे संपते, हे या दोन नावांनी निःसंदिग्धपणे दाखविले आहे.

पुनर्विकासाच्या काळात कळविणे ही केवळ शिष्टाचाराची बाब उरली नाही. कोणता विकासक, किती चौरस फूट, संक्रमणकाळात कोठे राहावयाचे, हे ज्यांना उशिरा कळले त्यांचे घरच पणाला लागले. तक्रारी इतक्या वाढल्या की शासनाला सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढावे लागले. विकासक निवडीच्या सभेस तीन-चतुर्थांश सभासद हजर हवेत, निबंधकाचा प्रतिनिधी उपस्थित हवा, सभेचे चित्रीकरण व्हावे, अशा अटी त्यांत आहेत. ४ जुलै २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी गणसंख्या दोन-तृतीयांशावर आणली आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती पुरेशी मानली. जे फळ्यावरील एका ओळीत भागत असे, त्यासाठी आता कॅमेरा लागतो. शेजाऱ्यांतील विश्वास किती उणावला याचे हे माप म्हणता येईल; परंतु ‘कळविले होते’ आणि ‘कळविले नव्हते’ या वादात दुर्बळ बाजूला पुरावा मिळाला, हेही मान्य केले पाहिजे.

विकास संचालनालयाच्या वरळीतील चाळींच्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. १६० चौरस फुटांच्या खोलीतील माणूस ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत गेला, आणि सरकारी भाडेकरूचा मालक झाला. या स्थित्यंतराच्या वर्षांत तेथे सर्वाधिक लक्षपूर्वक वाचली गेलेली सूचना म्हणजे पात्र व अपात्र यांची यादी. तिच्यात ‘सर्व’ हे विशेषण नव्हते, ‘कळविण्यात येते’ हे क्रियापद नव्हते. होती ती केवळ नावे, खोली क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द.