कांगारू मातृसंगोपन

कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या नवजात बाळाला आईच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून, दिवसातले बरेच तास धरून ठेवण्याची आणि शक्यतो आईचेच दूध देण्याची पद्धत. वॉर्डात सगळे ‘केएमसी’च (कांगारू मदर केअर) म्हणतात.

कोलंबियात बोगोटा येथील माता-बाल रुग्णालयात डॉ. एदगर रे सानाब्रिया यांनी १९७८ मध्ये ती सुरू केली. पुढच्या वर्षी डॉ. हेक्टर मार्टिनेझ त्यांना येऊन मिळाले. इन्क्युबेटर अपुरे, एकाच पेटीत दोन-दोन बाळे, त्यातून जंतुसंसर्ग. तेव्हा हा अडचणीतला तोडगाच होता.

बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच घालतात. पुढून उघडणाऱ्या गाऊनमध्ये दोन्ही स्तनांच्या मध्ये त्याला उभे ठेवतात. हातपाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला, मान किंचित वर. मान पुढे झुकली तर श्वास अडतो. वरून कापड घट्ट बांधले की आईचे हात मोकळे. नाकातून दुधाची किंवा ऑक्सिजनची नळी असली तरी हरकत नाही. ती ओढली जाऊ नये म्हणून आईच्या गाऊनला चिकटवतात. आई थकली की बाबा, आजी, मावशी कोणीही छाती द्यावी.

बाळ आधी ‘स्थिर’ होऊ दे, मग आईकडे, असा शिरस्ता बरीच वर्षे होता. भारतासह पाच देशांतल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले आणि तो मोडला. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी घेतले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तासांची शिफारस करते.

घोडे अडते ते जागेपाशी. बाळ नवजात बाळांच्या विशेष कक्षात (एसएनसीयू), आई दुसऱ्या मजल्यावर टाके सांभाळत, आणि दारावर भेटीच्या वेळेची पाटी. आईलाच ‘भेटायला आलेली’ धरणारी ही व्यवस्था बदलल्याशिवाय आठ तास भरणार कसे? त्या चाचणीत सहभागी असलेल्या दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाने अतिदक्षता विभागातच आयांच्या खाटा टाकल्या. इतरत्र निदान पाठ टेकता येईल अशी आरामखुर्ची, आडपडदा आणि आईचे जेवण तरी हवे.

घरी गेल्यावरही हे चालू ठेवतात. साधारण अडीच किलोच्या आसपास बाळच वळवळते, हातपाय बाहेर काढते, रडून नको म्हणते, तेव्हा थांबवावे.